याकुशिमा बेट: पायी फिरणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानच्या क्यूशू बेटाच्या दक्षिण टोकापासून समुद्रात सुमारे ६० किलोमीटर गेलं की याकुशिमा लागतं. बहुतेक लोक तिथे एका झाडासाठी जातात: जोमोन सुगी, हजारो वर्षांचा जपानी देवदार. ते झाड जरूर बघावं. पण दोन दिवसांत झाड गाठून परत, असा बेत केला तर बेट बघायचं राहून जातं आणि मध्ये पाऊस आला तर झाडही राहतं. म्हणून खालच्या सगळ्या उत्तरांमागे एकच आग्रह आहे: दिवस थोडे जास्त ठेवा, आणि कुठला दिवस कशाला द्यायचा हे पावसाला ठरवू द्या.

बेट नेमकं आहे कसं?

जवळजवळ गोल, क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस किलोमीटर, वस्ती १२,००० च्या आसपास. गावं सगळी किनाऱ्याला आणि मधला भाग म्हणजे निव्वळ डोंगर. सर्वांत उंच शिखर मियानौरा-दाके, १,९३६ मीटर. क्यूशू विभागात याहून उंच शिखर नाही. एवढ्याशा बेटावर १,००० मीटरच्या वरची चाळीसहून जास्त शिखरं आहेत. समुद्राखालून वर आलेल्या ग्रॅनाइटचा हा ढिगारा आहे, त्यामुळे मातीचा थर पातळ आणि पाणी मात्र अमाप.

गंमत आहे ती उंचीप्रमाणे बदलत जाणाऱ्या जंगलाची. किनाऱ्यावर वडाच्या जातीची, पारंब्या सोडणारी गाजुमारू झाडं. थोडं वर गेलं की चकचकीत पानांचं सदाहरित जंगल. त्यावर सुगीचं, म्हणजे जपानी देवदाराचं राज्य. आणि अगदी माथ्यावर कमरेएवढा खुरटा बांबू, ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपं आणि उघडे पडलेले ग्रॅनाइटचे गोटे. खाली आंबट-गोड संत्र्यांच्या बागा आणि हिवाळ्यात वर बर्फ, हे एकाच दिवशी दिसू शकतं. ही सलग उतरंड आणि प्राचीन सुगी यांमुळेच १९९३ मध्ये बेटाचा सुमारे पाचवा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. जपानच्या अगदी पहिल्या नोंदींपैकी ही एक.

किती दिवस काढावेत?

डोंगर चढायचा असेल तर बेटावर किमान चार रात्री. एक दिवस जोमोन सुगीचा, एक शिरातानीच्या घळीचा, एक किनाऱ्याचा आणि एक हातात राखून ठेवलेला. हा राखीव दिवस चैनीचा नाही. पावसामुळे डोंगराचा रस्ता बंद होणं किंवा लाटांमुळे बोट रद्द होणं इथे नेहमीचं आहे. शिखर गाठून आडवी सफर (एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरणं) करायची असेल तर आणखी दोन दिवस जोडा.

कोणत्या महिन्यात जावं?

माझी पसंती ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर. वादळांचा जोर ओसरलेला असतो, हवा थंड पण सोसवणारी असते आणि वाटांवर गर्दी कमी असते. फक्त दिवस लहान असतो, म्हणून पहाटे निघणं आलंच.

मार्च ते मेसुद्धा छान. पण एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानी लोकांच्या सलग सुट्ट्या असतात, तेव्हा जोमोन सुगीच्या वाटेवर रांग लागते. ऑगस्टच्या मध्यावरही तेच. मेच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला माथ्यावर याकुशिमाचा खास ऱ्होडोडेंड्रॉन फुलतो. कळी गुलाबी आणि उमललं की पांढरं. पण त्याच सुमारास पावसाळाही लागतो आणि जून हा वर्षातला सर्वांत ओला महिना. फुलं हवी असतील तर भिजण्याची तयारी ठेवा. ऑगस्ट-सप्टेंबर चक्रीवादळांचे. डिसेंबर ते फेब्रुवारी किनारा सौम्य असतो, पण वरच्या वाटांवर बर्फ साचतं आणि मग तो साधा ट्रेक राहत नाही, बर्फावर चालण्याचं सामान आणि सराव लागतो.

पाऊस खरंच इतका पडतो का?

हो. किनाऱ्यावर वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या पुढे आणि डोंगरात ८,००० ते १०,०००. महिन्याचे पस्तीस दिवस पाऊस पडतो असं बेटावर म्हणतातच. समुद्रावरून येणारी ओली हवा या डोंगरांना धडकून एकदम वर चढते, गार होते आणि तिथेच रिकामी होते. एका बाजूला धो-धो आणि दुसऱ्या बाजूच्या किनाऱ्यावर ऊन, असं अनेकदा होतं. म्हणून हवामान बघताना खालच्या गावाचा अंदाज डोंगराला लावू नका.

सह्याद्रीत पावसाळ्यात भटकणाऱ्यांना वाटतं, पावसाची आपल्याला सवय आहे. ही सवय इथे घात करू शकते. सह्याद्रीत भिजलं तरी अंग फारसं गारठत नाही. याकुशिमात १,३०० मीटरवर, वाऱ्यात, दहा अंशांच्या आसपासच्या हवेत तासन् तास भिजलेलं शरीर थंड पडत जातं. बोलणं अडखळतं, पाय लटपटतात आणि आपलं काही बिनसलंय हेही कळत नाही. अंगाला चिकटणारा सुती टी-शर्ट आणि पातळ पोंचो घालून वर जाणं म्हणजे हे संकट ओढवून घेणं.

मे २०१९ मध्ये अतिवृष्टीने रस्त्यावर दरडी कोसळल्या आणि तीनशेच्या आसपास लोक डोंगरात अडकले. दुसऱ्या दिवशी त्यांना खाली आणलं गेलं. निघाल्यापासून सगळं ठीक चाललेलं असतानाही असं होतं. आदल्या संध्याकाळी गाइड किंवा मुक्कामाच्या घरातल्या लोकांनी "उद्या नको" म्हटलं तर ऐका.

तिथे पोहोचायचं कसं?

आधी कागोशिमा शहर. तिथे टोकियोहून विमानाने दोन तासांत किंवा फुकुओकाच्या हाकाता स्थानकावरून शिनकानसेन या वेगवान रेल्वेने दीड तासात पोहोचता येतं. कागोशिमाच्या बंदरातून पुढे दोन पर्याय आहेत. जेटफॉइल म्हणजे पाण्यावर उचलली जाऊन धावणारी वेगवान बोट. वाटेत शेजारच्या तानेगाशिमा बेटाला थांबते की नाही यावर दोन ते पावणेतीन तास. दुसरी मोठी फेरी, चार तासांची, भाडं कमी, दिवसातून एकदा. वेळ असेल तर जाताना फेरीच घ्यावी. सकुराजिमा ज्वालामुखी मागे पडतो, खाडी संपते आणि मग ढगात डोकं खुपसलेलं बेट हळूहळू मोठं होत जातं, हे उघड्या डेकवरून बघता येतं. जेटफॉइलमध्ये पट्टा बांधून खुर्चीत बसावं लागतं.

विमानही आहे. कागोशिमाहून उड्डाण जेमतेम ४० मिनिटांचं. फुकुओका आणि ओसाकाहूनही थेट विमानं येतात. विमानं छोटी, जागा कमी, आणि धुक्यात तीही रद्द होतात.

बेटावर गाडी घ्यावी की बसने भागतं?

बस आहे आणि चांगली आहे, पण फेऱ्या मोजक्या. उत्तर-पश्चिमेचं नागाता ते दक्षिण-पश्चिमेचा ओको-नो-ताकी धबधबा, असं ती मियानौरा आणि आंबो या दोन मुख्य गावांवरून बेटाला घोड्याच्या नालासारखा वळसा घालते. पश्चिमेच्या जंगलरस्त्यावर बस जातच नाही. वेळापत्रकाचा कागद उतरल्या उतरल्या मागून घ्या.

किमान एक-दोन दिवस भाड्याची गाडी घ्यावी असं मी सांगेन. जपानमध्ये गाडी डावीकडूनच चालवतात आणि १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा आंतरराष्ट्रीय परवाना चालतो. तो निघण्याआधी आपल्या आरटीओतून काढावा लागतो. पेट्रोल पंप संध्याकाळी लवकर बंद होतात.

मुक्काम कुठे, हा प्रश्न यालाच जोडून येतो. जोमोन सुगी करायचा असेल तर आंबो सोयीचं, कारण डोंगराची बस तिथून सुटते. शिरातानीसाठी आणि बोटीसाठी मियानौरा.

जोमोन सुगीची वाट किती अवघड आहे?

तांत्रिक काही नाही, पण लांब आहे. आराकावाच्या पायथ्यापासून जाऊन-येऊन २२ किलोमीटर आणि नऊ ते अकरा तास. पायथा ६०० मीटरवर, झाड १,३०० मीटरवर.

पहिले साडेआठ किलोमीटर जुन्या जंगलरेल्वेच्या रुळांवरून जातात. चढ जाणवतही नाही इतका सौम्य. बऱ्याच भागात रुळांच्या मधोमध लाकडी फळ्या टाकलेल्या आहेत, त्यावरून चालायचं. फळ्या ओल्या असल्या की निसरड्या होतात आणि जिथे फळ्या नाहीत तिथे स्लीपरांवर पावलं जुळवावी लागतात. पूल अरुंद आहेत. कधीमधी देखभालीची छोटी रेल्वेगाडी अजून येते. तेव्हा बाजूला होऊन उभं राहायचं. शेवटचे अडीच किलोमीटर मात्र खरे: मुळांच्या जाळ्या, लाकडी जिने, पुन्हा मुळं, पुन्हा जिने. तिथे दम लागतो. आणि उतरताना गुडघे बोलतात.

सर्वांत कंटाळवाणा भाग परतीचा रूळ. पाय थकलेले, प्रकाश कमी होत चाललेला आणि वाट संपत नाही. पडणाऱ्यांपैकी बरेच इथेच पडतात, कारण सोपं आहे म्हणून लक्ष उडालेलं असतं.

मार्च ते नोव्हेंबर आराकावाला खासगी गाड्या नेता येत नाहीत. आंबोजवळच्या याकुसुगी संग्रहालयापाशी गाडी ठेवून पहाटेची बस धरायची. तिकीट आदल्या दिवशीपर्यंत काढून ठेवा, बसमध्ये मिळेल असं धरून चालू नका. रूळ संपून चढ सुरू होतो त्या जागी सकाळी दहाच्या आत पोहोचलेलं असावं. उशीर झाला तर तिथूनच मागे फिरा, कारण परतीच्या शेवटच्या बसला तुमचं कारण कळणार नाही.

वाटेत बघण्यासारखं काय आहे, की नुसतं चालणं?

वाटेत एका गावाची आठवण आहे. कोसुगीदानी हे लाकूडतोड्यांचं गाव, १९७० पर्यंत नांदतं होतं. शाळा होती, शेकड्यांनी माणसं राहत होती. आता शाळेच्या पटांगणाची मोकळी जागा उरली आहे आणि तिच्याभोवती जंगल पुन्हा दाटलंय. ज्या रुळांवरून आपण चालतो ते १९२३ मध्ये याच तोडीसाठी टाकलेले.

तोड त्याच्याही फार आधीची. सतराव्या शतकापासून सात्सुमाच्या (कागोशिमाकडच्या जुन्या संस्थानाच्या) सरदारांना इथून छपरावर घालायच्या सुगीच्या फळ्या कर म्हणून जात. बेटावर भात फारसा पिकत नाही, तेव्हा तांदळाच्या जागी फळ्या. हजार वर्षांपुढच्या सुगींपैकी निम्म्याहून जास्त त्या काळात पडल्या असं मानतात. सरळ धाटाचं, सहज फाकणारं झाड आधी जायचं. गाठी असलेलं, पिळवटलेलं, आतून पोकळ झालेलं झाड सोडून द्यायचे, कारण त्याच्या फळ्या निघत नसत. आज आपण ज्यांच्यापुढे मान वर करून उभे राहतो ती झाडं त्या काळच्या हिशेबात टाकाऊ होती. मला या बेटाबद्दल सगळ्यात जास्त सांगावीशी वाटते ती ही गोष्ट.

चढावर लागणारा विल्सनचा बुंधा नीट वेळ देऊन बघा. वनस्पतिशास्त्रज्ञ अर्नेस्ट हेन्री विल्सन १९१४ मध्ये इथे आले आणि त्यांच्यामुळे तो जगाला माहीत झाला. झाड सोळाव्या शतकाच्या शेवटी, हिदेयोशी या जपानच्या सत्ताधीशाच्या काळात तोडलं गेलं असं सांगतात. घेर १३.८ मीटर. आत शिरलं की खोलीएवढी जागा, एका कडेला छोटं देवस्थान आणि पायाशी वाहणारा बारीक झरा. एका ठरावीक कोपऱ्यात वाकून वर बघितलं की तोंडाचा आकार बदामासारखा दिसतो. फोटोसाठी तिथे रांग असते. पण बाहेर येऊन बुंध्याच्या माथ्याकडेही बघा: तोडलेल्या खोडावर नवी सुगी उभी आहेत. जुन्या बुंध्यावर बी पडून पुढची पिढी वाढण्याचा हा प्रकार बेटभर दिसतो.

पुढे दाइओ-सुगी लागतो. १९६६ मध्ये जोमोन सुगी सापडेपर्यंत हाच सर्वांत मोठा मानला जायचा. मग एका फांदीने जोडलेली नवरा-बायको सुगी.

जोमोन सुगीचं वय खरं किती?

२,१७० ते ७,२०० वर्षं असे अंदाज आहेत. खोड आतून पोकळ, त्यामुळे गाभ्याची वलयं मोजायला उरलीच नाहीत. त्यातून हा फरक. उंची २५.३ मीटर, घेर १६.४ मीटर. मुळं तुडवली जाऊ नयेत म्हणून झाड थोड्या अंतरावरच्या लाकडी मचाणावरूनच बघायचं असतं. हात लावता येत नाही. काही जण त्याने हिरमुसतात, पण रोज येणाऱ्या पावलांखाली पातळ माती किती दिवस टिकली असती?

इतकं जगण्याचं कारण याच निकस मातीत आहे. ग्रॅनाइटवर पोषण कमी, त्यामुळे सुगी अतिशय सावकाश वाढते, वलयं दाट येतात आणि लाकडात राळ भरपूर साठते. राळेमुळे लाकूड सडत नाही. बेटावर हजार वर्षांच्या पुढच्या झाडालाच याकुसुगी म्हणतात. त्याहून लहान ते कोसुगी, म्हणजे अजून पोर.

एवढं चालणं झेपणार नसेल तर?

मग शिरातानी उनसुइक्यो. माझ्या मते बेटावरची सगळ्यात देखणी जागा हीच. मियानौराहून बसने अर्ध्या तासात. तासाभराच्या फेरीपासून ताइको खडकापर्यंतच्या चार तासांच्या सफरीपर्यंत हवं तेवढं चाला. इथे दगड, खोड, मूळ, सगळ्यावर शेवाळ आहे. एका हाताएवढ्या जागेत खाली वाकून बघा: एक मखमलीसारखं, एक नेच्याच्या इवल्या पानांसारखं, एक चांदण्यांसारखं, आणि प्रत्येकाच्या टोकाला पाण्याचा थेंब. पावसातच हे रंग खुलतात, म्हणून रिमझिम असलेला दिवस शिरातानीला द्यावा. मुसळधार असेल तर नाही. ओढे चढले की वाटा बंद होतात. ताइको खडकावरून मात्र आकाश मोकळं असेल तर समोर मधली शिखरं दिसतात.

याच जंगलात यायोई-सुगी होता, वय सुमारे ३,००० वर्षं. ऑगस्ट २०२४ च्या चक्रीवादळात तो मोडून पडला. जुन्या नकाशांवर अजून दिसेल.

याकुसुगीलँड हे नाव ऐकून करमणुकीचं उद्यान वाटेल. तसं ते मुळीच नाही. १,००० मीटरच्या वरचं खरं जुनं जंगल आहे, अर्ध्या तासाच्या सपाट फेरीपासून काही तासांच्या चढापर्यंत वाटा आहेत. आई-वडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर आधी इथे या. तिथून रस्त्याने आणखी वर किगेन-सुगी आहे, ३,००० वर्षांचा, अगदी गाडीतून उतरल्यावर समोर. त्याच्या अंगावर डझनाहून जास्त जातींची दुसरी झाडं-झुडपं वाढलेली आहेत.

मियानौरा-दाके एका दिवसात होतं का?

होतं, पायात दम असेल तर. योदोगावाचा पायथा १,३६० मीटरवर आहे, तिथून जाऊन-येऊन १६ किलोमीटर आणि दहा तासांच्या आसपास. पहाटे तिथे बस नाही. स्वतःची गाडी किंवा टॅक्सी. वाटेत १,६०० मीटरवर हानानोएगो ही पाणथळ जागा लागते. जपानमधली सर्वांत दक्षिणेकडची डोंगरमाथ्यावरची दलदल, मध्ये लाकडी फळ्यांची पायवाट, कडेला चरणारी हरणं. तिथून वर झाडं संपतात आणि वारा सुरू होतो.

पण खरा आनंद आडव्या सफरीत. योदोगावाहून निघा, शिखर करा, उतरून शिन-ताकात्सुका झोपडीत रात्र काढा आणि दुसऱ्या सकाळी वरच्या बाजूने जोमोन सुगीपाशी या. खालून येणारी गर्दी पोहोचायची असते. मग आराकावाला किंवा शिरातानीला उतरा. वेळ आणि ताकद उरली तर शिखराजवळून नागाता-दाकेकडे (१,८८६ मीटर) फाटा जातो. तिथून समुद्र दिसतो.

डोंगरातल्या झोपड्यांचं आरक्षण कसं करायचं?

होत नाही. झोपड्या विनामूल्य आहेत, कोणी राखणदार नाही, जो आधी येईल त्याची जागा. अंथरूण, वीज, जेवण, काहीही नाही. सुट्ट्यांत त्या भरतात, म्हणून हलका तंबू जवळ ठेवा. तो झोपडीपाशीच लावायचा, जंगलात कुठेही नाही. शेकोटी पेटवता येत नाही. स्टोव्हचा गॅस विमानात नेता येत नाही, बेटावरच घ्या. आणि खाण्याच्या पिशव्या उंच टांगा, कारण उंदीर रात्री सॅक कुरतडतात.

डोंगरावर शौचाची सोय?

हा प्रश्न लोक लाजत विचारतात, पण महत्त्वाचा आहे. रूळ जिथे संपतो तिथे शेवटचं चांगलं शौचालय. तिथून पुढे झोपड्यांपाशी सोय आहे, आणि काही ठिकाणी नुसता आडोसा आहे, त्यात आपली पिशवी वापरायची. या पिशव्या बेटावरच्या दुकानांत मिळतात, वापरून, बांधून खाली आणायच्या आणि पायथ्याच्या पेटीत टाकायच्या. जोमोन सुगीच्या वरचं मैलाचं ओझं खाली आणायला माणसांच्या पाठी लागतात. एक पिशवी सॅकमध्ये ठेवणं आपल्याला जड नाही.

प्रवेशाचे पैसे लागतात का?

डोंगरवाटांसाठी पर्यावरण निधी मागतात: दिवसाच्या सफरीला १,००० येन, वर मुक्काम असेल तर २,००० येन. सक्ती नाही, पण द्यावेत. शौचालयं आणि वाटा त्यातून सांभाळल्या जातात. शिरातानी आणि याकुसुगीलँडला ५०० येन. बरोबर रोख रक्कम ठेवा, कार्ड सगळीकडे चालत नाही. एटीएम पोस्टात असतं.

सामान काय न्यावं?

पावसाचं जाकीट आणि पँट, दोन्ही वेगवेगळी आणि श्वास घेणारी. हा खर्च टाळू नका. घोट्यापर्यंतचे, तळ पकड धरणारे बूट. अंगाला न चिकटणारे लवकर वाळणारे कपडे, वर एक लोकरीचा किंवा फ्लीसचा थर, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला कोरड्या कपड्यांचा एक जोड. सॅकवरचं रेनकव्हर इथल्या पावसात पुरत नाही, आत मोठी पिशवी हवीच. हेडटॉर्च प्रत्येकाकडे वेगळा, कारण सुरुवातच अंधारात होते. छत्री डोंगरावर नको.

यातलं जवळजवळ सगळं मियानौरा आणि आंबोच्या दुकानांत भाड्याने मिळतं, बूट आणि पावसाचे कपडेसुद्धा. भाड्याचा बूट कसा बसतो ते आदल्या दिवशी नीट घालून बघा.

पाण्याची मात्र फार बाटली-बाटली नको. ओढ्यांचं पाणी लोक पितात आणि ते चवीला फार हलकं आहे. मन धजत नसेल तर फिल्टर ठेवा.

गाइड घ्यावा का?

सक्ती नाही, वाटा स्पष्ट आहेत. पावसात, पहिल्यांदाच एवढं लांब चालणार असाल तर, किंवा हिवाळ्यात घ्या. इंग्रजी बोलणारे गाइड मिळतात. गाइडमुळे चाल सावकाश आणि सारखी राहते, आणि जंगल वाचता येतं. एकटे जाणार असाल तर पायथ्यावरच्या पेटीत नाव, वाट आणि परतीची वेळ लिहिलेला फॉर्म टाका, आणि मुक्कामाच्या ठिकाणीही सांगून ठेवा. वर फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नाही. पोलीस ११०, रुग्णवाहिका ११९.

धोकादायक प्राणी आहेत का?

अस्वल नाही. मामुशी हा विषारी साप आहे, म्हणून गवतात पाय टाकताना बघा. जळवा आहेत, पँट मोज्यात खोचा.

सारखे भेटतात ते याकुझारू माकडं आणि याकुशिका हरणं. दोन्ही मुख्य भूमीवरच्या भाऊबंदांपेक्षा लहान. माणसं वीस हजार, माकडं वीस हजार, हरणं वीस हजार असं पूर्वी म्हणत. माणसं आता कमी झाली. पश्चिमेच्या सेइबु जंगलरस्त्यावर गाडी हळू न्या. वारसाक्षेत्र इथे समुद्रापर्यंत उतरतं आणि सुमारे वीस किलोमीटरचा, एकाच गाडीच्या रुंदीचा, वळणावळणाचा रस्ता त्यातून जातो. रात्री तो बंद असतो. माकडांचा कळप भर रस्त्यात एकमेकांच्या उवा काढत बसतो, वर झाडात दुसरी माकडं फळं खातात, आणि खाली पडणारी पानं नि फळं टिपायला हरणं नेमकी त्याच झाडाखाली उभी असतात. गाडी बंद करून आत बसून बघा. खायला काही देऊ नका, अगदी एक बिस्कीटसुद्धा.

शाकाहाऱ्यांचं काय?

थोडी तयारी लागते. जपानी रश्श्यात बहुतेकदा माशाचा अर्क असतो, भाजीच्या सूपमध्येही. मुक्कामाच्या घरी आरक्षण करतानाच लिहून कळवा. डोंगरासाठी डब्याची पद्धत आहे: दुकानं पहाटे चारच्या सुमारास उघडतात, पण डबा आदल्या संध्याकाळी सांगून ठेवावा लागतो. त्यात मासे किंवा अंडं असतंच. शाकाहाऱ्यांनी उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेले भाताचे गोळे मागावेत आणि सुका मेवा बरोबर ठेवावा. मासे खाणाऱ्यांनी पंखांसकट कुरकुरीत तळलेला उडता मासा चुकवू नये. हिवाळ्याच्या शेवटी टांकान संत्री येतात. ती तर सगळ्यांसाठी.

डोंगर सोडून पायांना काय काम?

आंबो नदीत कयाक. खालचा टप्पा शांत आहे, पाणी हिरवं आणि तळ दिसेल इतकं स्वच्छ, दोन्ही काठांना जंगल टेकलेलं. पोहणाऱ्यांना उन्हाळ्यात इस्सोचा किनारा. धबधब्यांत ओको-नो-ताकी, ८८ मीटर, अगदी पायथ्याशी जाता येतं. दक्षिणेला मोच्चोमु-दाके आहे, उंची फक्त ९४० मीटर, पण चढ इतका तीव्र की १,९०० मीटरच्या शिखराइतकाच घाम काढतो. पावसात तिकडे नको.

सायकलवाल्यांना बेटाची पूर्ण प्रदक्षिणा, सुमारे १०० किलोमीटर. नकाशावर किनारी रस्ता सपाट वाटतो, तो तसा नाही, आणि पश्चिमेच्या टप्प्यात ना दुकान ना पाणी. दोन दिवसांत करा.

कासवं कधी दिसतात?

नागाताच्या इनाकाहामा किनाऱ्यावर मे ते जुलै लॉगरहेड कासवं अंडी घालायला येतात. जपानमध्ये याहून मोठी जागा नाही म्हणावी इतकी. २००५ पासून हा किनारा रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. हंगामात रात्री वाळूवर मनाला वाटेल तसं जाता येत नाही, नियम आहेत. टॉर्च, फ्लॅश, फोनचा उजेड, काहीच नाही. मादी उजेडाने बिचकली तर अंडी न घालता परत समुद्रात जाते.

समुद्रातलं गरम पाण्याचं कुंड सगळ्यांना खुलं आहे का?

हिराउचीचं कुंड किनाऱ्यावरच्या खडकात आहे, भरतीत बुडून जातं आणि ओहोटीच्या आधी-नंतर साधारण दोन तास उघडं पडतं. म्हणजे दिवसातून दोनदा, आणि वेळ रोज बदलते. गावकऱ्यांचं आहे, स्त्री-पुरुष एकत्र, पोहण्याचे कपडे घालून उतरायचं नाही, कपडे बदलायला आडोसा नाही. टॉवेल किंवा अंगाला गुंडाळायचं वस्त्र न्या, आत उतरण्याआधी अंग धुवा, पेटीत पैसे टाका, फोटो काढू नका. संकोच वाटत असेल तर ओनोआइदाला साधं, स्त्री-पुरुषांसाठी वेगळं गरम पाण्याचं स्नानगृह आहे. २२ किलोमीटरनंतर तेही पुरेसं आहे.

परतीची बोट रद्द झाली तर?

जेटफॉइल लाटांमुळे आधी थांबते, मोठी फेरी त्यानंतरही कधीकधी चालते. सकाळी लवकर बंदरावर चौकशी करा. वादळ येत असेल तर तीही जात नाही आणि दोन दिवस बेटावर राहावं लागू शकतं, म्हणून मायदेशीचं विमान कागोशिमाला पोहोचण्याच्या दुसऱ्याच दिवशीचं घेऊ नका. मध्ये एक पूर्ण दिवस तरी सोडा. आणि जोमोन सुगीचा बेत परतीच्या आदल्या दिवशी कधीही ठेवू नका. तो बेटावरच्या पहिल्या पूर्ण दिवसालाच ठेवा. पाऊस आला तर सरकवायला पुढे दिवस असतात.